भांडे केवढे असावे? : घरगुती बिअर आणि किण्वनपात्राचे गणित

डॉक्टरांच्या स्मरणिकेत बिअरवर लेख, आणि तोही एका बालरोगतज्ज्ञाचा, हे पाहून काही वाचकांच्या कपाळावर आठी उमटेल. त्यांना आरंभीच सांगतो की, हा लेख मद्यपानाचा पुरस्कार करण्यासाठी लिहिलेला नाही. आपल्याकडे मादक पेयांचे उत्पादन हा राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे आणि आदिवासींना त्यांच्या पारंपरिक पेयांसाठी दिलेल्या मर्यादित सवलती सोडल्या, तर मध्य प्रदेशात परवान्याविना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे. तेव्हा हा लेख वाचून इंदुरात कोणी घरी बादल्या मांडू नयेत.

मग लेखाचे प्रयोजन काय? आपल्या समाजातील घरटी एक तरी मूल आज परदेशी आहे. इंग्लंडमध्ये १९६३ साली घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना रद्द झाला. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ साली संबंधित कायद्यावर स्वाक्षरी केली आणि पुढील वर्षापासून केंद्रीय कायद्याने हा छंद मोकळा झाला. मिसिसिपी व अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनी २०१३ साली त्यास मान्यता दिली. आपल्याकडे जसे कोणी बोन्साय करते, कोणी टपाल तिकिटे जमवते, तसे तिकडचे लोक घरी बिअर करतात, आणि आपली मुलेही ते शिकतात. शिकागोत राहणाऱ्या माझ्या भाच्याने मध्यंतरी फोनवर विचारले, "मामा, फर्मेंटर घ्यायचाय. एक गॅलनचा घेऊ की साडेसहाचा? तू इंग्लंडमध्ये असताना पाहिलंयस ना हे सगळं?" पाहिले होते हे खरे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तेथील एका रुग्णालयात मी दोन वर्षे काम करीत होतो आणि माझे शेजारी, एक निवृत्त खाणकामगार, दर दोन महिन्यांनी घरी बिअर लावीत. मी स्वतः चहाच्या पलीकडे फारसा गेलो नाही. पण त्या पात्रात जे घडत असे ते शरीरक्रियाशास्त्राच्या विद्यार्थ्याला खिळवून ठेवणारे होते. भाच्याला दिलेले उत्तर लांबत गेले. त्याचेच हे व्यवस्थित मांडलेले रूप.

पात्रात काय घडते

बार्ली, म्हणजे आपले जव, भिजवून मोड आणतात व वाळवतात. हा झाला माल्ट. तो भरडून गरम पाण्यात ठेवला की त्यातील विकरे पिष्टाचे शर्करेत रूपांतर करतात. मिळालेला गोड काढा हॉप्स या वेलीच्या फुलांबरोबर उकळतात, थंड करतात आणि त्यात यीस्ट घालतात. यापुढचे काम ज्या भांड्यात चालते ते फर्मेंटर अथवा किण्वनपात्र. यीस्ट शर्करा खाते. निम्म्याच्या आसपास वजनाचे अल्कोहोल आणि जवळजवळ तेवढ्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शिकलेले समीकरण आठवा : १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड.

प्रगती मोजण्यासाठी हायड्रोमीटर वापरतात. जुन्या पिढीच्या डॉक्टरांनी लघवीचे विशिष्ट गुरुत्व मोजायला जे युरिनोमीटर वापरले, त्याचेच हे भावंड. सर्वसाधारण बिअरचा काढा आरंभी १.०५० असतो आणि किण्वन संपल्यावर १.०१० च्या आसपास उतरतो. या फरकावरून अल्कोहोलचे प्रमाण काढता येते. या उदाहरणात ते सुमारे सव्वापाच टक्के.

वैद्यक आणि बिअर यांचे नाते आपल्याला वाटते त्यापेक्षा जवळचे आहे. लुई पाश्चर यांनी १८७६ साली बिअरवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. यीस्टचे शुद्ध संवर्धन एमिल हान्सेन यांनी १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत साधले, आणि रक्ताच्या अहवालात आपण रोज वाचतो ती पीएच मोजपट्टीही त्याच प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी १९०९ साली मांडली. आपल्या प्रबंधांत सर्वांनी वापरलेली स्टुडंट्स टी-टेस्ट ही डब्लिनच्या गिनेस मद्यशाळेतील विल्यम गॉसेट यांची १९०८ सालची देणगी. लहान नमुन्यावरून मोठा निष्कर्ष कसा काढावा, हा प्रश्न त्यांना तेथील कामात पडला होता. पात्राच्या आकाराचा प्रश्नही मुळात तसाच आहे.

फेसासाठी जागा

पहिला नियम सोपा आहे आणि आपल्या प्रत्येक गृहिणीला तो ठाऊक आहे. इडलीचे पीठ आंबवायला ठेवताना पातेले काठोकाठ कोणी भरत नाही. सकाळी ते ओट्यावर उतू गेलेले असेल. बिअरचेही तेच. किण्वन जोरात असताना, म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत, प्रथिने, हॉप्सची राळ आणि यीस्ट यांचा जाड फेस वर चढतो. साध्या बिअरसाठी काढ्याच्या वर पात्राचा एक पंचमांश ते एक चतुर्थांश भाग रिकामा ठेवावा. गव्हाची अथवा जास्त तीव्रतेची बिअर असेल, तर एक तृतीयांश.

जागा कमी पडली तर केवळ फरशी घाण होते असे नव्हे. पात्राच्या झाकणावर एअरलॉक नावाची पाण्याची छोटी झडप असते. आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. आपल्या छातीच्या नळीला लावतो त्या अंडरवॉटर सीलचेच तत्त्व. फेस वर येऊन हॉप्सच्या चोथ्याने ही झडप चोंदली की आत दाब वाढतो. किती? १९ लिटर काढ्यापासून सव्वापाच टक्के अल्कोहोल तयार होताना सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. नेहमीच्या तापमानाला त्याचे आकारमान साधारण ४०० लिटर, म्हणजे बिअरच्या वीस पट. हा वायू कोंडला तर झाकण उडते, आणि पात्र काचेचे असेल तर ते फुटू शकते. म्हणूनच पात्र भरलेले असेल तेव्हा एअरलॉकऐवजी जाड नळी लावून तिचे टोक पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवतात.

मग पात्र जितके मोठे तितके चांगले, असे म्हणावे काय? येथे दुसरे घरगुती उदाहरण घ्यावे लागते. लोणच्याची बरणी आपण अर्धी रिकामी ठेवत नाही. वर तेलाचा थर देऊन हवेला मज्जाव करतो. पहिल्या किण्वनात वरची जागा मोठी असली तरी फारसे बिघडत नाही, कारण निघणारा कार्बन डायऑक्साइड तेथील हवेला हाकलून देतो. पण काही जण जोर ओसरल्यावर बिअर गाळापासून वेगळी करून दुसऱ्या पात्रात काही आठवडे मुरवतात. तेव्हा वायू जवळजवळ तयार होत नाही. मोठ्या पात्रात अर्धी बिअर ठेवली, तर वरच्या हवेतील ऑक्सिजन तिला बिघडवतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. म्हणून पहिले पात्र इडलीच्या पातेल्यासारखे असावे आणि दुसरे लोणच्याच्या बरणीसारखे. १९ लिटर बिअरसाठी पहिले पात्र २४-२५ लिटरचे आणि दुसरे बरोबर १९ लिटरचे विकले जाते, त्याचे कारण हे. नवशिक्याने दुसऱ्या पात्राच्या फंदात पडूच नये. एकाच पात्रात काम पूर्ण होते.

गॅलन आणि गॅलन

औषधांच्या मात्रेत एककाची गफलत किती महागात पडते, हे बालरोगतज्ज्ञाला कोणी सांगावे लागत नाही. 'एक चमचा' म्हणजे चहाचा की जेवणाचा, हे आम्ही प्रत्येक आईला विचारतो. या छंदातही तीच गफलत आहे. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, तर १८२४ साली ठरलेला ब्रिटिश इंपीरियल गॅलन ४.५४६ लिटरचा. 'पाच गॅलन' ही दोन्ही देशांतील रूढ मात्रा. पण ती अमेरिकेत १८.९ लिटर, तर इंग्लंडात २२.७ लिटर होते. जवळजवळ चार लिटरचा फरक! इंग्रजी पुस्तकातली कृती आणि अमेरिकन दुकानातले पात्र अशी जोडी जमली, तर फेसासाठी ठेवलेली जागा काढ्यानेच भरते.

पात्राच्या तळाशी यीस्ट व प्रथिनांचा गाळ बसतो. त्यात लिटर-दीड लिटर बिअर जाते. म्हणून बाटल्यांत १९ लिटर हवी असेल, तर पात्रात वीस-एकवीस लिटर घ्यावी लागते. ही वजाबाकी न करणाऱ्यांना शेवटच्या पायरीवर धोका संभवतो. बाटलीत फसफस यावी म्हणून भरताना लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घालतात. ती १९ लिटरच्या हिशेबाने १२० ग्रॅम मोजली आणि हाती बिअर १५ लिटरच आली, तर मात्रा लिटरला आठ ग्रॅम होते. त्यात किण्वनही अपुरे असेल, तर बाटल्या फुटतात. आपण मुलाचे वजन करून मग मात्रा काढतो. 'चार वर्षांचा आहे, सोळा किलो असेल' असे धरून चालत नाही. येथेही प्रत्यक्ष हाती आलेले आकारमान मोजावे आणि मग साखर तोलावी. हायड्रोमीटरचा आकडा दोन-तीन दिवस तसूभरही हलला नाही, की मगच बाटल्या भराव्यात.

लहान पात्र म्हणजे मोठ्याची छोटी प्रत नव्हे

बालरोगशास्त्राचे पहिले सूत्र असे की, मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. लांबी दुप्पट केली की पृष्ठभाग चौपट आणि आकारमान आठपट होते. म्हणून तीन किलोच्या नवजात बालकाचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने प्रौढाच्या सुमारे अडीच पट असतो आणि ते चटकन गारठते. हे भूमितीचे सत्य पात्रालाही लागू आहे.

किण्वनात उष्णता निर्माण होते. १९ लिटरच्या पात्रातील सारी उष्णता आतच राहिली असती, तर बिअर दहा-बारा अंशांनी तापली असती. प्रत्यक्षात ती बाजूंनी बाहेर जाते. तरी ऐन भरात आतले तापमान खोलीपेक्षा दोन ते चार अंशांनी अधिक असते. चार लिटरच्या बरणीत हा फरक कमी असतो, कारण तिला वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त. नेहमीच्या एल प्रकारच्या बिअरला १८ ते २० अंश सेल्सिअस मानवते. पंचवीसच्या वर गेल्यास उग्र वासाची जड अल्कोहोले तयार होतात. तेव्हा मोठे पात्र घेणाऱ्याने खोलीचे नव्हे, तर पात्राचे तापमान पाहावे. उलट लहान बरणी रात्रीच्या थंडीत लगेच गारठते आणि यीस्ट मध्येच झोपी जाते. तिला गोधडी लागते. माझे इंग्लंडमधील शेजारी आपले पात्र गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात ठेवीत, ते याच हेतूने.

लहान पात्राची दुसरी अडचण तपासणीची. एक किलो वजनाच्या अकाली जन्मलेल्या बाळाच्या अंगात सारे मिळून ऐंशी-नव्वद मिलिलिटर रक्त असते. म्हणून आमच्या विभागात प्रत्येक मिलिलिटर नमुन्याचा हिशेब ठेवतात. हायड्रोमीटरच्या नळीला दर खेपेस शंभर मिलिलिटर तरी बिअर लागते. १९ लिटरमधून ती तीनदा काढली तर दीड टक्का गेली. चार लिटरमधून काढली तर साडेसात टक्के. यीस्टची ११ ग्रॅमची पुडी वीस-बावीस लिटरसाठी असते. लहान बरणीसाठी सव्वादोन ग्रॅम लागते आणि ते चिमटीने नव्हे, तर छोट्या काट्यावर तोलावे लागते. मात्रा लहान असली की चूक मोठी होते; हे आम्ही रोज अनुभवतो.

मात्र लहान पात्राचे गुणही आहेत. जंतुसंसर्ग झाला तर नुकसान थोडे. शिवाय एका मोठ्या पात्राऐवजी दोन लहान पात्रे घेतली, तर एकच काढा दोहोंत ओतून फक्त यीस्ट बदलून पाहता येते. गॉसेटना आवडली असती अशी ही तुलना आहे.

मोठेपणाचा हव्यास

पात्राच्या आकाराची हाव कोठवर जाते, याचे उदाहरण लंडनच्या इतिहासात आहे. त्या काळात मद्यशाळांमध्ये सर्वांत मोठे पिंप कोणाचे, अशी चढाओढ असे. टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या हॉर्स शू मद्यशाळेत २२ फूट उंचीचे एक लाकडी पिंप पोर्टर नावाच्या काळ्या बिअरने भरलेले होते. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी दुपारी त्याची एक लोखंडी कडी निसटली. असे पूर्वीही होत असे, म्हणून कोणी घाबरले नाही. तासाभराने पिंप फुटले. धक्क्याने इतर पिंपेही फुटली, मागची भिंत कोसळली आणि बिअरचा लोंढा शेजारच्या गरीब वस्तीतील तळघरांत शिरला. एका तळघरात दोन वर्षांच्या मृत बालकाभोवती आप्तजन जमले होते. त्यांतील अनेक जण तेथेच गेले. एकूण आठ बळी पडले. सर्व स्त्रिया आणि मुले. पंचांनी हा दैवयोग ठरवला.

घरगुती पात्राने एवढा अनर्थ होणार नाही. परंतु पात्र जेवढे मोठे तेवढी त्याची चूकही मोठी, आणि त्या चुकीची किंमत बहुधा ज्यांचा त्या छंदाशी संबंध नाही तेच मोजतात, एवढे त्यातून शिकण्यासारखे आहे.

घरात मूल असेल तर

भाच्याला मी सर्वांत आधी एकच प्रश्न विचारला : पात्र कोठे ठेवणार? त्याची मुलगी दोन वर्षांची आहे. या वयात जे दिसेल ते ओढायचे, जे हाती लागेल ते तोंडात घालायचे.

मोठ्या काचेच्या पात्राचे रिकामे वजन सहा-सात किलो. त्यात २३ लिटर काढा भरला की सारे तीस किलोंच्या घरात जाते. ओल्या हातांनी उचलताना काच निसटते आणि मनगटाच्या शिरा व स्नायुबंध तुटतात. घरात लहान मूल असताना काचेचे मोठे पात्र नको, हे माझे स्पष्ट मत आहे. खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकची झाकणाची बादली हलकी, स्वस्त आणि न फुटणारी. तिला तारेच्या घासणीने घासू नये. चरे पडले की त्यांत जंतू घर करतात. पैशाची अडचण नसेल, तर स्टेनलेस स्टीलचे पात्र उत्तम.

दुसरा धोका वायूचा. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. आपण काढलेले ४०० लिटर मोठ्या खोलीत चार-पाच दिवसांत सहज विरून जातात. परंतु बंद कपाटाचे अथवा अरुंद कोठाराचे आकारमान अडीच हजार लिटरही नसते, आणि दोन-तीन मोठी पात्रे तेथे एकदम लावली तर प्रश्न गंभीर होतो. खेळताना कपाटात लपणारे मूल उंचीने लहान असते, हे विसरू नये. पात्र हवेशीर जागी, पण मुलाच्या हाताबाहेर असावे.

तिसरा धोका धुण्याच्या रसायनांचा. पात्र स्वच्छ करायला तीव्र अल्कधर्मी भुकट्या वापरतात. कॉस्टिक सोडा शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवल्याने अन्ननलिका भाजलेली मुले आपल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने पाहिली आहेत. मूळ डबा, मूळ लेबल आणि कुलूप, या तीन गोष्टींना पर्याय नाही.

चौथा धोका खुद्द बिअरचा. बादलीच्या तळाशी असलेली तोटी मुलाच्या नेमकी उंचीवर येते. दहा किलोच्या मुलाने पाच टक्क्यांची बिअर शंभर मिलिलिटर प्यायली, तर पोटात सुमारे चार ग्रॅम इथेनॉल जाते आणि रक्तातील पातळी शंभर मिलिलिटरला ५५ मिलिग्रॅमच्या आसपास पोचू शकते. आपल्याकडे वाहनचालकासाठीची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे, म्हणजे हिशेब ध्यानात येईल. मुलांच्या यकृतात ग्लायकोजेनचा साठा तुटपुंजा असतो आणि इथेनॉल नवी शर्करा बनण्याची क्रिया रोखते. त्यामुळे अशा मुलात गुंगीपेक्षा हायपोग्लायसिमिया अधिक घातक ठरतो, आणि तो काही तासांनी, झोपेत, आकडीच्या रूपाने प्रकट होऊ शकतो. 'थोडीच प्यायलाय, झोपला की उतरेल' असे कोणी म्हणाले, तर तरुण सहकाऱ्यांनी ऐकू नये. रक्तशर्करा लगेच तपासावी, पुन्हापुन्हा तपासत राहावी आणि गरजेप्रमाणे डेक्स्ट्रोज द्यावे. सक्रिय कोळशाचा येथे उपयोग नाही.

यकृताचे माप

पात्राचा आकार ठरवताना दुकानदार फेसाचा विचार सांगतो, पुस्तके किटलीचा सांगतात. यकृताचा कोणी सांगत नाही. ब्रिटनच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१६ साली आठवड्याला १४ युनिट ही कमाल मर्यादा सांगितली. एक युनिट म्हणजे दहा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. १९ लिटर बिअरमध्ये सव्वापाच टक्क्यांनी सुमारे एक लिटर, म्हणजे शंभर युनिट अल्कोहोल असते. एकट्याने प्यायचे ठरवले, तर मर्यादेत राहून ती सात आठवडे पुरली पाहिजे. प्रत्यक्षात काय होते? घरात पन्नास बाटल्या भरून ठेवलेल्या असतात, स्वतः केलेल्या असतात, आणि पुढची खेप लावायची घाई असते.

अमेरिकन कायदा एका प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोघांच्या घराला २०० गॅलन बिअर करू देतो. शंभर गॅलन म्हणजे रोजची एक लिटर. त्यातले अल्कोहोल आठवड्याला ३६ युनिटांच्या पुढे जाते. ती मर्यादा करवसुलीसाठी घातलेली आहे, आरोग्यासाठी नव्हे; हा भेद आपल्या मुलांना आपणच सांगितला पाहिजे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत घातले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले की, मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही. कावीळ झालेल्या, पोटात पाणी भरलेल्या तरुणांना वॉर्डात पाहिलेल्या माणसाला याहून अधिक पुराव्याची गरज नसावी.

मग केवढे घ्यावे?

हा सारा विचार करून निर्णयाचा क्रम मी असा लावतो. आधी विचारावे की महिन्याकाठी प्रत्यक्ष किती प्यायले जाईल आणि किती वाटले जाईल. मग घरात मूल आहे का, पात्राला हवेशीर व सुरक्षित जागा आहे का, हे पाहावे. नंतर पातेले व शेगडी पाहावी. १९ लिटर काढा पूर्ण उकळायचा तर २८-३० लिटरचे पातेले आणि तेवढी आच हवी, नाहीतर मोठे पात्र घेऊन उपयोग नाही. मग भरलेले वजन आपली कंबर उचलू शकेल का, याचा विचार करावा. या सर्वांतून जो सर्वांत लहान आकडा निघेल, तो आपल्या बिअरचा आकडा. त्यात गाळापोटी लिटरभर मिळवावे, फेसासाठी एक चतुर्थांश जागा धरावी आणि तेवढ्या मापाचे पात्र घ्यावे. मित्रमंडळींचा गोतावळा मोठा असणाऱ्याला २५ लिटरची बादली योग्य ठरेल. एकट्या-दुकट्या छांदिष्टाला पाच ते दहा लिटर पुष्कळ झाले.

भाच्याचे पातेले अकरा लिटरचे, घर तिसऱ्या मजल्यावरचे, पिणारा तो एकटा आणि तेही शनिवार-रविवारी. त्याला मी दोन गॅलनची, म्हणजे साडेसात लिटरची, प्लास्टिकची बादली सुचवली. तोटी नसलेली, घट्ट झाकणाची. तीत दीड गॅलन काढा घ्यायचा. तेवढ्यात सुमारे तीस युनिट अल्कोहोल होते, म्हणजे एका माणसाची दोन आठवड्यांची कमाल मर्यादा. ती त्याने दोन महिने पुरवावी, असे मी सांगितले. "एवढ्यासाठी एवढा खटाटोप?" असे तो म्हणाला. छंद करण्यात असतो, पिण्यात नसतो, असे मी त्याला म्हटले. त्याला ते कितपत पटले ते काळच ठरवील. बादली मात्र त्याने तीच घेतली आहे आणि ती न्हाणीघरातील उंच फळीवर, खिडकीशेजारी ठेवली आहे.

आपल्यापैकी जे यंदा मुलांकडे परदेशी जातील, त्यांना तळघरात किंवा गॅरेजमध्ये बुडबुडणारी एखादी बादली दिसण्याचा संभव आहे. नाक मुरडून वाद घालण्यापेक्षा शांतपणे जवळ जावे. पात्र काचेचे आहे की प्लास्टिकचे, वर मोकळी जागा आहे का, झडप चोंदलेली नाही ना, धुण्याची भुकटी कोठे ठेवली आहे आणि नातवंडाचा हात तोटीपर्यंत पोचतो का, एवढे पाहावे. त्यानंतर महिन्याला किती बाटल्या संपतात, हेही सहज विचारावे. डॉक्टर आई-वडिलांच्या प्रश्नाला मुले बहुधा खरे उत्तर देतात.